कुकर चालेल, कसूर चालणार नाही

सातारा-सांगलीकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांतले विज्ञानाचे शिक्षक, दूध संकलन केंद्र चालवणारी मंडळी, हळद, आलं, डाळिंब पिकवणारे शेतकरी आणि गावच्या नळयोजनेवर लक्ष ठेवणारे जलसुरक्षक, एवढ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाचं रोजचं काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांशी आहे. पण त्यांची तपासणी करू या म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. आमच्याकडे लॅब कुठे आहे? ऑटोक्लेव्ह नाही, इन्क्युबेटर नाही, लॅमिनार नाही. पुरवठादाराचं कोटेशन येतं, प्राचार्य त्यावर एक नजर टाकतात, कागद फायलीत जातो आणि मुलं जिवाणू फळ्यावरच पाहतात.

कोटेशनमधले आकडे खोटे नसतात. पण त्यातली निम्मीअधिक यंत्रं जे काम करतात, ते घरात, भंगारात आणि बाजारपेठेत मिळणाऱ्या वस्तूंवर होतं. मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडतो आणि तो मैफलीत सुरात लागतो. इथल्या माणसाला हातानं वस्तू घडवण्याचं कौतुक वेगळं सांगायला नको. सांगायचं आहे ते दुसरंच. या कामात कुठे भागवून घ्यायचं आणि कुठे अजिबात नाही, याची रेघ स्पष्ट आखलेली पाहिजे. भांडं, खोका, बाटली, हांडा यांत हवी तेवढी काटकसर करा. निर्जंतुकीकरणात आणि शेवटच्या विल्हेवाटीत एका मिनिटाचीही नको.

ही रेघ कुठून आली ते बघायला मुंबईला जावं लागेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ऑक्टोबरात जिवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन तिथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जिवाणू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे होते. हाफकिननी रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढू लागले, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर नवे धरत. तूप कुठलं खास नव्हतं, बाजारातलंच होतं. त्या वाढीतले जिवाणू उष्णतेनं मारून लस झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. जगातली पहिली प्लेगची लस व्हरांड्यात आणि तुपावर झाली, हे कोटेशन फायलीत घालताना आठवायला हरकत नाही.

गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात हीच लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. ठपका हाफकिनवर आला, त्यांची नोकरी गेली, नाव पुसायला १९०७ उजाडलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत नीट तापवून घेण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून वापरला गेला, ही हकिगत चौकशीनंतर पुढे आली. तूप वापरून कुणाचं काही बिघडलं नाही. चिमटा न तापवल्यानं माणसं मेली.

आता कुकरकडे येऊ, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

पाणी उकळून बहुतेक जिवाणू मरतात, पण बीजाणू मरत नाहीत. धनुर्वाताचा जंतू, मातीतले बॅसिलस, हे अडचणीत आले की टणक कवचाचे बीजाणू करून बसतात आणि शंभर अंशांच्या पाण्यातून सुखरूप बाहेर येतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते, १२१ अंश, पंधरा मिनिटं. पॅरिसमध्ये शांबरलाँनं १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह केला तो देनी पापँच्या सतराव्या शतकातल्या वाफेच्या पातेल्यावरून, म्हणजे तुमच्या कुकरच्याच पूर्वजावरून. त्यामुळे प्रयोगशाळेत कुकर वापरणं यात कमीपणा काही नाही.

मात्र वापरायची रीत वेगळी आहे. डाळ-भाताचा पाच लिटरचा नको, हॉटेलवाले घेतात तसा दहा-बारा लिटरचा घ्या, बाहेरच्या झाकणाचा. तळाला जाळी, तीन बोटं पाणी. चंबू किंवा बाटल्या निम्म्याच्या वर भरायच्या नाहीत. तोंडाला कापसाचा बोळा, त्यावर वर्तमानपत्राचा कागद आणि दोरा. झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवायची नाही. नळीतून वाफ जोरात, सलग पाच ते सात मिनिटं जाऊ द्यायची. आतली हवा त्या वाफेबरोबर निघून जाते. हवा आत राहिली तर दाब पुरेसा असूनही तापमान चढत नाही, आणि हे बाहेरून कळतही नाही. मग शिट्टी ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा, कुकर नुसता फुसफुसत राहील एवढीच. वेळ तिथून मोजायची. शिट्ट्या डाळीसाठी मोजतात. इथे घड्याळ लावायचं. आणि झाल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. घाई केली की अगार उकळून बोळ्यापर्यंत येतो, बोळा भिजतो आणि भिजल्या बोळ्यातून जंतू आरामात आत शिरतात.

घड्याळ किती वेळाचं? पुस्तक पंधरा मिनिटं म्हणतं. पुस्तक समुद्रसपाटीवरचं आहे. सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास, सातारा सातशेच्या वर, महाबळेश्वर जवळजवळ १,३७० मीटरवर. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेच्या दाबावर आपला पंधरा पौंडांचा दाब चढवते, आणि वर जावं तशी बाहेरची हवाच विरळ. त्यामुळे साताऱ्यात कुकरमधलं तापमान दीडेक अंश कमी भरतं, महाबळेश्वरात अडीच. तेव्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सरसकट तीस मिनिटं धरा. गॅस थोडा जास्त जाईल, जाऊ दे.

तापमान खरंच चढलं का, हे बघायची सोय रसायनशास्त्राच्या कपाटात आहे. अ‍ॅसिटॅनिलाइड ११४ अंशांना वितळतं, बेंझोइक आम्ल १२२ ला. वितळणबिंदूच्या प्रात्यक्षिकाला काचेची केशनळी वापरता, तशा दोन नळ्यांत यांची चिमूट चिमूट भरून दोन्ही तोंडं ज्योतीवर मिटवा आणि चंबूंच्या मधोमध ठेवा. पावडर वितळून गोठली की तिचा काचेसारखा सलग गोळा होतो, बघताक्षणी ओळखू येतो. आपल्याकडे बऱ्याचदा पहिली वितळलेली आणि दुसरी तशीच राहिलेली दिसेल. घाबरू नका, उंचीचा हा हिशेब आहे आणि त्यासाठीच अर्धा तास ठेवला आहे. औषधशास्त्रात ११५ अंश आणि तीस मिनिटं ही जोडीही मान्य आहे. पण पहिलीसुद्धा वितळली नसेल तर तो सगळा घाणा पुन्हा लावा. हवा आत राहिली होती, किंवा रबर गेलंय. नळी वितळली म्हणजे तेवढं तापमान एकदा गाठलं एवढंच कळतं, किती वेळ टिकलं ते नाही. ते घड्याळावर.

एकदा प्रयोगशाळेत गेलेला कुकर पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. सुट्टीत स्नेहसंमेलनाच्या भातासाठी तो हमखास उचलला जातो, म्हणून सांगतो.

बाकीची अवजारं झटपट सांगण्यासारखी आहेत. जिवाणू उचलायची लूप इस्त्रीच्या किंवा शेगडीच्या तुटलेल्या कॉइलमधून होते. ती नायक्रोमची तार असते, लाल करा, निववा, पुन्हा लाल करा, तुटत नाही. तांब्याची तार नको, मऊ पडते आणि तिच्यावर काजळी धरते. टोकाला बारीक खिळ्याभोवती वळवून गोल कडी करायची, आणि दांड्यासाठी सायकलचा आरा. दोन्ही जोडायला वायरिंगच्या कनेक्टरमधला पितळी तुकडा, त्याचे दोन स्क्रू आवळले की झालं. पिपेटऐवजी औषधाच्या दुकानातल्या एक, पाच आणि दहा मिलीच्या सिरिंजा, सुई काढून. पाकिटात त्या निर्जंतुक आलेल्या असतात, कुकरचा एक घाणा वाचतो. पेट्री डिश काचेच्याच घ्या; प्लॅस्टिकच्या एकदाच वापरता येतात, दोन सत्रांत काचेच्या स्वस्त पडतात. मोठ्या पृष्ठभागावर वाढ हवी असेल तर दारूच्या चपट्या बाटल्या आडव्या ठेवून वापरता येतात. त्या गोळा करायला विद्यार्थ्यांना पाठवू नका, भंगारवाल्याला सांगा. ऑक्सफर्डला १९४० च्या सुमारास पेनिसिलिनची बुरशी वाढवायला नॉर्मन हीटलीनं रुग्णालयातली शौचाची भांडी वापरली होती, तेव्हा चपट्या बाटलीला नाकं मुरडायचं कारण नाही.

मीडियाचंही तसंच. बुरशीसाठी २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, १५ ते २० ग्रॅम अगार, एक लिटर पाणी. अगार महाग वाटला तर वाणसामानाच्या दुकानातला चायना ग्रास चालतो, तो अगारच आहे. थोडा जास्त लागतो आणि प्लेट जरा धुरकट दिसते. जिलेटिन मात्र वापरू नका. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनच होतं आणि ते उन्हाळ्यात वितळायचं. फॅनी हेसे नावाच्या गृहिणीनं १८८१ मध्ये स्वयंपाकातला अगार सुचवला, तेव्हा ती कटकट मिटली. जर्मनीच्या उन्हाळ्यात जे टिकलं नाही ते सांगलीच्या मे महिन्यात काय टिकणार.

इन्क्युबेटरसाठी मासळीवाल्याकडे जा. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं येणारी मासळी थर्माकोलच्या जाड खोक्यात असते, आणि तो खोका दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो. सोड्याच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वास घालवून घ्या. आत पंचवीस वॉटचा बल्ब, पण तारेचा. एलईडीला ऊब नसते. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, दिसले की चार घेऊन ठेवा. बल्ब पत्र्याच्या भोकं पाडलेल्या डब्यात बसवा, नाहीतर थर्माकोल वितळतो आणि पेटतोही. तापमान राखायला कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीतला थर्मोस्टॅट. कुक्कुटपालनाचं सामान विकणाऱ्याकडे तो काहीशे रुपयांत मिळतो. एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, म्हणजे प्लेटी सुकणार नाहीत. थर्मामीटर प्रयोगशाळेचा; तापाचा चढलेला पारा धरून बसतो, त्याचा उपयोग नाही. पहिले दोन दिवस आत काहीही न ठेवता नुसतं तापमान बघून लिहा, कोपऱ्यात किती आणि मधोमध किती. सगळी वायर-जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि रात्रभर चालणारा खोका लाकडी कपाटात ठेवू नका.

शाळा-कॉलेजात हा खोका ३७ अंशांवर लावू नका. ३७ हे माणसाच्या शरीराचं तापमान; त्यावर माणसाला आजारी पाडणारे जंतू जोमानं वाढतात. मुलांच्या प्रयोगांना पंचवीस ते तीस पुरे. एप्रिल-मे महिन्यात आपली खोलीच त्याच्या वर जाते. तेव्हा प्लेटी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या रिकाम्या माठात ठेवा. बल्बची भानगडच नाही.

लॅमिनारच्या बदल्यात पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा साठवणीचा खोका आडवा घ्यायचा आणि हात जातील अशी दोन भोकं पाडायची. हवा गाळून घेणारं यंत्र नाही, पण आतली हवा स्थिर राहते आणि धूळ खाली बसते. पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. खोका पुसायला सत्तर टक्के स्पिरिट; शंभर टक्के जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं गोठवायला त्यात पाणी असावं लागतं. आणि एक ताकीद: या खोक्यात स्पिरिट मारल्यावर ज्योत न्यायची नाही. कोंडलेली वाफ भडकते. एकतर खोका वापरा आणि लूप बाहेर ज्योतीवर लाल करून आत न्या, नाहीतर खोक्याशिवाय उघड्या टेबलावर ज्योतीच्या अगदी जवळ काम करा. शाईच्या दौतीचा दिवा करणार असाल तर बूड जड असलेली दौत घ्या आणि पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतू नका.

सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप उत्तम आहे. १४० पट मोठं दाखवतो, बुरशीचे धागे, डबक्यातले प्राणी, दह्याच्या पाण्यातलं यीस्ट त्यात बघावं. बुरशी रंगवायला निळी फाउंटन पेनची शाईसुद्धा चालते. पण जिवाणूंचा आकार आणि ग्रॅमचा रंग ओळखायला हजार पट लागतात आणि तेलाचं भिंग लागतं. मोबाइलला मण्याचं भिंग चिकटवून जिवाणू ओळखले असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. पैसे जमवायचेच असतील तर ते एका बऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी जमवा. तीन कॉलेजांनी मिळून घेतला तरी चालेल. मिक्सरच्या मोटरीवर सेंट्रिफ्यूज करण्याच्या भानगडीतही पडू नका. काचेची नळी फुटली की तुकडे आणि जंतू दोन्ही खोलीभर. गाळ रात्रभर बसू द्या, सकाळी वरचं पाणी काढा, तेवढ्यानं भागतं.

एवढं जमलं की काय करता येतं? सगळ्यात आधी पाणी.

१९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या तीन भारतीय शास्त्रज्ञांनी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतून एक साधी चाचणी मांडली. विष्ठेतले बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो लोहाला भेटला की काळा पडतो. पेप्टोन २० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट दीड ग्रॅम, फेरिक अमोनियम सायट्रेट पाऊण ग्रॅम, सोडियम थायोसल्फेट एक ग्रॅम आणि टीपॉल एक मिली, हे ५० मिली पाण्यात विरघळवायचं. त्यातलं एक मिली घडी केलेल्या टिश्यू पेपरवर शोषवून तो कागद छोट्या काचेच्या बाटलीत टाकायचा, बाटलीवर २० मिलीची खूण करायची, कुकरमधून काढून वाळवायची आणि बूच लावून ठेवायची. एका घाण्यात पन्नासेक बाटल्या होतात. तपासायचं पाणी खुणेपर्यंत भरा आणि तीस ते सदतीस अंशांत बारा ते अठरा तास ठेवा. बाटली काळी पडली तर त्या पाण्यात विष्ठेचा शिरकाव झालेला असण्याची दाट शक्यता आहे. ही चाचणी गेली चाळीस वर्षं जगभर वापरात आहे आणि ती आपल्याच देशात जन्मली.

नमुना घेताना नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. बूच हातात उलटं धरू नका, खाली तर ठेवूच नका. विहिरीसाठी निर्जंतुक केलेली रुंद तोंडाची बाटली, तिला दगड आणि दोरी. नळाच्या पाण्याची आधी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करून क्लोरीन बघा. टोकाच्या घरी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा.

पण या बाटलीला डोक्यावर घेऊ नका. ती २० मिली पाणी बघते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०० मिलीत एकही ई. कोलाय नको म्हणतं. काही कूपनलिकांत मुळातच सल्फाइड असतं, तिथे बाटली काही मिनिटांतच काळी होते. तो निकाल धरायचा नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. असे जंतू ही बाटली दाखवत नाही. काळी बाटली म्हणजे धोका. पांढरी बाटली म्हणजे अभय नव्हे.

दुसरं काम शेतकऱ्याचं. हळदीची कंदकूज, आल्याची सड यांसाठी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पाकिटं आपल्या भागात भरपूर खपतात. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात जिवंत काही उरलंय का, हे पैसे देणाऱ्यानं का बघू नये? ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला निदान वीस लाख जिवंत कण असायला हवेत. एक ग्रॅम पावडर ९ मिली निर्जंतुक पाण्यात खळखळून हलवा. ही पहिली नळी. तिच्यातलं एक मिली ९ मिली पाण्याच्या दुसऱ्या नळीत, असं पाचव्या नळीपर्यंत जा, प्रत्येक वेळी नवी सिरिंज. पाचव्या नळीतलं एक मिली बटाट्याच्या अगारवर ओता आणि पसरवा. पाकीट लेबलाला जागत असेल तर साधारण वीस ठिपके दिसायला हवेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पांढरे असतानाच मोजा, नंतर ते एकमेकांत मिसळतात आणि हिरवे होतात. हिरवे झाल्यावर खात्री पटते. बुळबुळीत चकाकणारे ठिपके मोजू नका, ते भेसळीचे जिवाणू. तीन प्लेटी घाला, एकीवर विसंबू नका. प्लेट रिकामी राहिली तर दुकानदाराशी हातघाईवर येऊ नका. तुमची प्लेट कायद्यापुढे पुरावा नाही. ती कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार करायला पुरेसं कारण मात्र नक्की आहे. त्याच लॉटचं बंद पाकीट आणि पावती सोबत न्या.

दुधाचं काम त्याहून सोपं. दहा मिली दुधात एक मिली मिथिलीन ब्लूचं प्रमाणित द्रावण, ३७ अंशांच्या पाण्यात नळी. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर कॅन किंवा हात कुठेतरी घाण आहेत. माशांच्या टाकीसाठी मिळणारं मिथिलीन ब्लू इथे वापरू नका. त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते.

आता नकारघंटा, आणि ती मुद्दाम मोठ्यानं वाजवतो. थुंकी, घशातला, जखमेतला, शौचाचा नमुना तुमच्या खोक्यात येता कामा नये. रुग्णाच्या नमुन्याचं कल्चर आणि त्यावरून अँटिबायोटिक ठरवणं हे रीतसर प्रयोगशाळेचं काम. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा मान्यताप्राप्त लॅबमध्ये जा. या बाबतीत स्वस्त निकालासारखी महाग गोष्ट नाही. मुलांनी वाढवलेली प्लेट चार ठिकाणी टेपनं बंद करायची आणि पुन्हा उघडायची नाही, झाकणातूनच बघायची. "मोबाइलवर किती जंतू" हा प्रयोग मुलांना फार आवडतो. करा, पण वाढल्यावर झाकण काढून वास घ्यायला देऊ नका.

काम संपल्यावर प्लेटी, बाटल्या, सिरिंजा, सगळं आधी मारायचं आणि मग धुवायचं. काळी पडलेली पाण्याची बाटली तर मूळ पाण्यापेक्षा कितीतरी घातक, कारण तुम्ही जंतू वाढवून ठेवले आहेत. कुकरमध्ये पुन्हा अर्धा तास, हाच उत्तम उपाय. ज्या वस्तू कुकरमध्ये जात नाहीत त्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असतेच. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणून लिटरला ३० ग्रॅम टाकली की एक टक्क्याचं द्रावण होतं. त्यात अर्धा तास. जुन्या, ओल पकडलेल्या पावडरीवर हा हिशेब चालत नाही. क्लोरीनमध्ये भिजवलेलं लगेच कुकरमध्ये घालू नका, आणि क्लोरीनच्या पाण्यात ॲसिड तर कधीच मिसळू नका. विल्हेवाटीची जागा आणि भांडं ठरलेलं नसेल तर पहिली प्लेटच ओतू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर पाहिले. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरला की विहिरी आणि हातपंप गढूळ होतात आणि सरकारी प्रयोगशाळांकडे नमुन्यांची रांग लागते. त्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात शंभर बाटल्या तयार पडलेल्या असतील तर कुठली विहीर आधी बंद करायची, एवढा निर्णय तरी दुसऱ्या दिवशी घेता येईल. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. कॉलेजनं त्यांना बोलवावं, त्यांनी कॉलेजला विहिरी दाखवाव्यात. आणि सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या ज्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचा पूर्ण विभाग आहे, त्यांनी आसपासच्या छोट्या कॉलेजांना वर्षातून दोनदा आपला ऑटोक्लेव्ह आणि एक जाणता माणूस द्यावा. कुकरवर केलेलं काम तिथल्या यंत्रावर एकदा ताडून बघितलं की चुकलं कुठे ते कळतं.

तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत बाटल्या करून ठेवा. पहिला पाऊस झाला की आपल्या गावची पिण्याची विहीर, टाकी आणि शेवटच्या घरचा नळ, असे तीन नमुने घ्या. बाटली काळी झाली तर त्याच दिवशी ग्रामसेवकाला आणि आरोग्य केंद्राला कळवा, टीसीएल टाकून घ्या, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा. निकाल पांढरा असो वा काळा, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहा.